बोअर खोल मारू का?

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात, पुळणीपासून पाच मिनिटांवर. आजेसासऱ्यांच्या काळातली विहीर, कधी आटली नाही. पण दोन वर्षं झाली, मार्च संपला की पाणी मचूळ होतं, डाळ शिजत नाही, पोफळी करपायला लागल्यात. आजूबाजूला चार होमस्टे झालेत, सगळ्यांच्या बोअर आहेत. बोअरवाला म्हणतो दोनशे फूट मारा, गोडं पाणी लागेल. मारू का?

उत्तर : ताई, नका मारू. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते ना तसं. समुद्राचं पाणी हजाराला पंचवीसनेच जड, पण त्यामुळे ढोबळ हिशोब असा बसतो की समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं असेल तर खाली साधारण ४० मीटर गोडं. ऐकून बरं वाटतं, पण हिशोब उलटाही चालतो, उपशाने वरची पातळी वीतभर उतरली आणि तशीच राहिली तर खालचं खारं हळूहळू आठ-नऊ मीटर वर सरकतं, आणि जिथे पंप ओढतो तिथे तर ते शंकूसारखं चढतं. मग खोल जाऊन गोडं कसं लागणार? आणि शंभर तांब्यांत दोन तांबे समुद्राचे मिसळले तरी पाणी पिण्यालायक राहत नाही. माड थोडं खारं सोसतो, पोफळ नाही, म्हणून आधी तीच करपते.

पूर्वी रहाटाचे बैल दमायचे, तेवढ्यात विहिरीत पाणी परत भरायचं. दोन एचपीचा पंप कुठे दमतोय, टाकी भरून पाणी वाहतंय तरी चालूच, हे मी आमच्याच आळीत रोज बघतो (आणि बंद करायला मलाच जावं लागतं). पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो खरा, पण चार महिन्यांत, आणि बराचसा पऱ्ह्यातून सरळ समुद्रात.

तुम्ही पंप एकदम तासभर न लावता सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा लावा. दोर सोडून पाण्याची पातळी दर आठवड्याला कॅलेंडरवर लिहा. १०० चौरस मीटरच्या छपरावर पावसाळ्यात तीन लाख लिटर पडतं, ते गाळून विहिरीशेजारी खड्ड्यात जिरवा. पण शेजारचे चार पंप तसेच चालू राहिले तर एकट्या तुमच्या छपराने भागणार नाही, तेव्हा ते कॅलेंडर घेऊन ग्रामसभेत जा, होमस्टेवाल्यांनाही बोलवा, त्यांच्या बोअरलाही उद्या मचूळच येणार आहे. आणि बोअरवाल्याला अॅडव्हान्स दिला असेल तर आजच परत मागा.