पुढची आज्ञा देण्याआधी प्रोग्रामरचं उत्तर पूर्ण वाचा

तुमची अडचण मला समजली ती अशी: जुना ईप्रॉम प्रोग्रामर (मेमरी चिपमध्ये डेटा भरणारं यंत्र) आहे, रिमोट मोड (संगणकावरून आज्ञा घेण्याची सोय) चालू होतो, एकाच फाइलने २७सी२५६ या ३२ केबीच्या चाळीस चिप भरायच्या आहेत. पायथनची स्क्रिप्ट प्रत्येक आज्ञेनंतर पाच सेकंद थांबते आणि पुढची आज्ञा पाठवते. कधी > येतं, कधी एफ, कधी प्रश्नचिन्ह, कधी काहीच नाही. यंत्र बिघडलंय का, असा प्रश्न आहे.

मला तरी यंत्रावर संशय नाही, त्या पाच सेकंदांवर आहे. तुम्ही दिलेली आज्ञांची यादी डेटा आय/ओ या कंपनीच्या कॉम्प्युटर रिमोट कंट्रोल पद्धतीची आहे. तिला सीआरसी म्हणतात. त्रुटी शोधायचा सीआरसी वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. रोमन मोठ्या लिपीतलं एक अक्षर ही एक आज्ञा. काम झालं की यंत्र > देतं, काम फसलं तर एफ, आज्ञा कळलीच नाही तर प्रश्नचिन्ह. हे उत्तर यंत्राचं काम संपल्यावर येतं, आज्ञा पोचल्यावर नाही. सगळी गोम इथे आहे.

जुन्या २७१६ ला प्रत्येक बाइटमागे ५० मिलिसेकंदांचा पल्स लागायचा. २०४८ बाइट म्हणजे १०२ सेकंद, २७३२ ला त्याच्या दुप्पट. २७सी२५६ बरीच लवकर भरते, पण किती लवकर हे चिप आणि अल्गोरिदमवर ठरतं. तुमची स्क्रिप्ट पी (चिप भर) पाठवते, पाच सेकंदांनी व्ही (भरलेलं ताडून बघ) पाठवते. यंत्र अजून चिप भरतंय. मधे आलेलं अक्षर ते कधी गिळतं, कधी पुढच्या आज्ञेला चिकटवतं, आणि मग प्रश्नचिन्ह येतं. याहून वाईट म्हणजे उत्तरं एकेक घर सरकतात. व्ही नंतर तुम्ही वाचलेलं > प्रत्यक्षात पी चं असतं, आणि व्ही चा एफ पुढच्या चिपच्या नावावर जातो. चाळीस चिपमध्ये अशी एक खराब चिप ‘पास’च्या डब्यात गेली तर ती शोधता शोधता दिवस जातो. म्हणून हे आधी दुरुस्त करा.

स्क्रिप्टमधली थांबायची ओळ काढून टाका. आज्ञा पाठवण्याआधी इनपुट बफर (आधी येऊन पडलेली, न वाचलेली अक्षरं) रिकामा करा, आज्ञा पाठवा, मग उत्तराची ओळ पूर्ण होईपर्यंत वाचा. टाइमआउट ठेवाच, पण पी साठी काही मिनिटांचा. आणि तो संपला तर स्क्रिप्टने पुढे न जाता थांबलं पाहिजे.

इथे एक खड्डा आहे, बहुतेक जण त्यात पडतात. आलेल्या अक्षरांत एफ दिसला की ‘फसलं’ असं धरू नका. एस आज्ञा डेटाच्या सगळ्या बाइटची बेरीज मागते. ती सोळा-बिटी बेरीज हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत येते, आणि हेक्समध्ये एफ हा आकडाच आहे. ‘३एफ२ए>’ हे यशस्वी उत्तर आहे. ओळ पूर्ण येऊ द्या. ओळीत फक्त एफ असेल तरच ते अपयश.

काहीच उत्तर येत नाही तेव्हा आधी केबल बघा. संगणकाचा पोर्ट नऊ पिनांचा, प्रोग्रामरचा पंचवीसचा. नऊमध्ये दोन नंबरच्या पिनवर डेटा आत येतो, पंचवीसमध्ये त्याच पिनवरून बाहेर जातो. त्यामुळे दोन्ही टोकं डीटीई (संगणकासारखी, मोडेमसारखी नव्हे) असतील तर दोनला दोन, तीनला तीन आणि पाचला सात जोडलं की क्रॉस आपोआप होतो. मोडेमसाठी मिळणाऱ्या तयार केबलमध्ये दोन-तीनची अदलाबदल आधीच असते, म्हणून इथे ती चालत नाही. आणि आरएस-२३२ चा, म्हणजे या जुन्या सिरीयल पोर्टचा, यूएसबी कन्व्हर्टर वापरा. पाच व्होल्टचं टीटीएल मोड्यूल थेट लावलंत तर ते जळू शकतं.

आज्ञेच्या शेवटी कॅरेज रिटर्न जातो, म्हणजे १३ क्रमांकाचा कोड. पायथनची नेहमीची नवी ओळ १० क्रमांकाची असते. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तीच दिसतेय, ती बदला.

पहिल्यांदा स्क्रिप्ट बाजूला ठेवून टर्मिनल उघडा आणि हाताने एच दाबून एंटर द्या. एच म्हणजे ‘काही करू नकोस’. बदल्यात > आलं तर केबल, वेग, पॅरिटी सगळं जुळलं. मग चिपचा फॅमिली-पिनआउट कोड द्या, म्हणजे चिप कोणत्या जातीची आहे हे यंत्राला कळतं. यात घाई करू नका: साधी २७६४ ही २१ व्होल्टवर भरते आणि २७६४ए १२.५ वर. फरक एका अक्षराचा, पण चुकलं तर चिप गेली.

पुढे ८३ए ने इंटेल हेक्स हा फाइलचा फॉरमॅट निवडा (इथे ए अक्षराआधी फॉरमॅटचा क्रमांक येतो), आय (फाइल घे) द्या आणि फाइल सोडा. सेकंदाला ९६०० बिट या वेगाला घाबरू नका. ३२ केबीची फाइल सोळा-सोळा बाइटच्या ओळींत साधारण ९२ हजार अक्षरं होते, म्हणजे दीड मिनिटापेक्षा थोडं जास्त. हे एकदाच करायचं आहे, चाळीस वेळा नाही. पुढे प्रत्येक चिपला फक्त बी (चिप कोरी आहे का ते बघ), पी, व्ही. एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे ‘चालू कर’ आणि ‘थांब’ सांगणारे कोड, हेक्ससाठी चालेल. बायनरी पाठवताना मात्र बंद ठेवा, कारण १७ आणि १९ हे कोड तेव्हा डेटातही येतात. फाइल लहान असेल तर संगणकावरच एफएफ भरून ती ३२७६८ बाइट करा, म्हणजे प्रोग्रामरच्या रॅममधला जुना डेटा चिपमध्ये शिरणार नाही.

फाइल गेली की एस द्या आणि सगळ्या बाइटची बेरीज संगणकावर काढून शेवटच्या सोळा बिटांशी ताडा. उत्तर ८००० आलं तर सावध व्हा: कोऱ्या २७सी२५६ ची बेरीज तेवढीच येते. २७सी५१२ ची तर ०००० येते, आणि सगळे शून्य भरलेल्या चिपचीही तीच.

बेरजेला क्रम कळत नाही, हे मी आठ चिप भरून शिकलो. सोळा-बिटी बोर्डाच्या फाइलमध्ये बाइटच्या जोड्या उलट झाल्या होत्या. बेरीज लेबलशी जुळली, व्ही पास झालं, बोर्ड मात्र चालू होईना. मूळ चिप एल ने रॅममध्ये वाचून ओ ने संगणकावर घेतली आणि फाइलशी बाइट-बाइट ताडली, तेव्हा पहिल्याच ओळीत चूक दिसली. तुमच्याकडे चालणारी एक मूळ चिप असेल तर पहिली चिप भरायच्या आधी हे कराच.

एफ आला की लगेच एक्स पाठवा, यंत्र त्रुटीचे क्रमांक सांगतं. ते मॅन्युअलमध्ये बघा किंवा इथे लिहा, सोबत चिपवरचा पूर्ण नंबर द्या. काम संपल्यावर झेड पाठवायला विसरू नका, नाहीतर पॅनेलची बटणं दबतील पण यंत्र ऐकणार नाही.