बोटं हलवतं कोण?

प्रश्न : बोटांत स्नायू नसतात असं वाचलं. मग बोटं हलतात कशी? की ही थाप आहे?

उत्तर : थाप नाही. उजव्या हाताने डाव्या कोपराखालचा भाग धरा आणि डावी बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. हाताखाली जी वळवळ जाणवते ना, ते बोटांचे स्नायू! तिथून चिवट दोऱ्यांसारख्या कंडरा निघतात आणि मनगटातून बोटांच्या हाडांपर्यंत जातात. मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातूनच 9 कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. केवढी ती दाटी! स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून मिटायला पुढचे स्नायू, उघडायला मागचे. (हाताच्या पंजातही छोटे स्नायू आहेत, पण जोर मुख्यतः वरचाच.)

आता एक गंमत. मधलं बोट दुमडून तळहात टेबलावर टेका आणि अनामिका उचलून बघा. जवळपास हलतच नाही, कारण त्या कंडरा आडव्या पट्ट्यांनी शेजारणींशी बांधलेल्या असतात.

सुरीने माझ्या अंगठ्याची कंडरा तुटली होती, तेव्हा स्नायू ठणठणीत असूनही अंगठा ढिम्म! टाके घातल्यावरही कित्येक आठवडे गेले. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाशच जुळते. फिजिओथेरपिस्ट असूनही घाई मीच करत होते.