दिवाळीची गिफ्टं संस्थांकडून घ्यायची असतील तर

ऑफिसातल्या साठेक लोकांना दिवाळीला पाचशेच्या आत काहीतरी द्यायचंय, पैसे चांगल्या कामाला लागावेत म्हणून वस्तूऐवजी "तुमच्या नावाने देणगी दिली" अशी सर्टिफिकेटं वाटावीत का, असं विचारलंयत ना ताई, तर माझं स्पष्ट मत, सर्टिफिकेट नको. हाऊसकीपिंगच्या मावशी आणि वॉचमनकाका वर्षभर त्या डब्याची वाट बघतात, त्यांच्या हक्काच्या गिफ्टमधून कंपनीने दानधर्म करायचा हे काही बरोबर नाही. साहेबांना देणगी द्यायचीच असेल तर खुशाल वेगळी द्यावी.

त्यापेक्षा वस्तूच संस्थेकडून घ्या, पण अशी घ्या की संस्थेचं नाव झाकलं तरी घरी वापरली जाईल. आनंदवनातले टॉवेल, चादरी घ्या, बाबा आमट्यांनी सुरुवातीपासून भीक नको, काम हवं हेच धरलं होतं, त्यामुळे तिथून विकत घेणं हीच मदत. ड्रायफ्रूटच हवे असतील तर कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड या संस्थेचा कुडाळ तालुक्यात स्वप्ननगरी म्हणून काजू प्रकल्प आहे, तिथे अपंग माणसं काम करतात, तिकडे विचारा. मेळघाटात लवाद्याला बांबू केंद्र आहे. पुण्यात असाल तर येरवडा जेलच्या विक्री केंद्रातही चक्कर मारा, कैद्यांनी बनवलेल्या वस्तू मिळतात आणि कामाची मजुरी त्यांना मिळते (आमच्याकडे काहीजणांनी नाकं मुरडली होती, पण टॉवेल सगळ्यांनी नेले).

आता पणत्या. विशेष मुलांच्या शाळा, कार्यशाळा दिवाळीत पणत्या रंगवतात, दिसतात झकास, पण मातीची पणती तेल पिते, वापरण्याआधी पाण्यात भिजवून ठेवावी लागते आणि रंगवलेली भिजवली की रंगाची वाट लागते, वर खालच्या फरशीवर तेलाचा गोल उमटतो तो वेगळाच. म्हणून मेण भरलेल्या मागवा, आणि सँपल म्हणून एक आणून घरी पूर्ण जळेपर्यंत बघा, वात मधोमध नसेल तर एका बाजूचं मेण तसंच उरतं. हे संस्थेला सांगायला लाजू नका, त्यांना उलट बरं वाटतं, कारण कीव म्हणून घेणारा पुढच्या वर्षी येत नाही.

ऑर्डर गणपतीच्या आसपास द्या. नवरात्र संपल्यावर साठ बॉक्स मागितलेत तर एकतर नाही म्हणतील किंवा बाहेरून माल आणून भरतील, मग काय उपयोग. ॲडव्हान्स द्या, कच्चा माल त्यातूनच येतो. भावात घासाघीस नको, पण काम करणाऱ्यांना मानधन किती मिळतं हे जरूर विचारा, चांगली संस्था सरळ सांगते. ऑनलाइन साइटवर "विक्रीतला काही भाग समाजकार्याला" असं लिहिलेलं असतं त्यात किती भाग आणि कुठल्या संस्थेला हे नसेल तर मी तो साधा दुकानाचा माल समजतो.

अकाउंटवाल्यांना आधीच सांगून ठेवा, वस्तू घेतली की बिल मिळतं, ८०जी ची (करसवलतीची) पावती नाही, ती फक्त देणगीवर, तीही संस्थेला मान्यता असेल तर. आणि स्वतःच्या पगारातून वेगळी देणगी देणार असाल तर नव्या टॅक्स रिजीममध्ये ती सूट नाही, जुन्यातही २००० च्या वर रोख दिलेली चालत नाही, ऑनलाइनच द्या.

बॉक्समध्ये दोन ओळींची चिठ्ठी टाका, कुणी बनवलं, कुठे बनवलं, बस. मुलांचे केविलवाणे फोटो नकोत. फराळ बचत गटाकडून घेणार असाल तर डब्यावर तारीख आणि एफएसएसएआय नंबर टाकायला सांगा, आणि चकल्या वेगळ्या पॅक करून घ्या, लाडवांबरोबर ठेवल्या की मऊ पडतात. तुमचं शहर कुठलं ते लिहा, जवळपासचं काही माहीत असेल तर सांगतो.