तासगावात द्राक्षबागेवरून उच्चदाब वाहिनी जाते. अशा विद्युतक्षेत्राने पेशींतील संदेशवाहक रेणूंवर परिणाम होतो का?

स्थिर, एकाच दिशेचे विद्युतक्षेत्र पेशीतील संदेशवाहक रेणूंची मांडणी निश्चित बदलू शकते, परंतु बागेवरील वाहिनीमुळे तसे घडते असे मानण्यास आधार नाही. पेशीपटल विद्युतरोधक असल्यामुळे असे क्षेत्र पेशीच्या आत जवळजवळ शिरतच नाही. ते पटलावरील विभवांतर (दोन बाजूंच्या विद्युतदाबातील फरक) व तेथील प्रथिने यांच्यावर काम करते आणि आतील संदेश तेथून सुरू होतो. डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा पडला की जखमेच्या कडेशी दर मिलिमीटरला काही दहा मिलिव्होल्ट इतके क्षेत्र आपोआप निर्माण होते, त्यात जखमेचा मध्य ऋण ध्रुव ठरतो आणि भोवतालच्या पेशी तिकडे सरकू लागतात. संशोधक मिन झाओ व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की या सरकण्यामागे पीआय-३ कायनेज हे विकर (एन्झाइम) असते: त्याचे कार्य रोखल्यास पेशींची हालचाल मंदावते, तर त्याच्या विरुद्ध काम करणारे पीटेन हे विकर काढून टाकल्यास ती वाढते. मला यातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही की, शरीर जखमेची दिशा विजेनेही सांगते. मात्र हे निष्कर्ष स्थिर क्षेत्राचे आहेत. वाहिनीचे क्षेत्र सेकंदाला ५० आवर्तने करते आणि शरीराच्या आत जखमेच्या क्षेत्रापेक्षा हजारो पटींनी क्षीण असते. काळजी घ्यायची ती मांडवाच्या लांब तारांची, कारण वाहिनीखाली त्यांच्यात विद्युतदाब प्रवर्तित होऊ शकतो. म्हणून त्यांचे अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे.