साडेतीन वर्षांचा मुलगा गोष्टीला बसत नाही – माझा अनुभव

ताई, मुलगा दोन पानं झाली की पळतो, पानं फाडतो, म्हणजे त्याला पुस्तकांची आवडच नाही असं तुम्ही लिहिलंय. अहो दोन पानं बसतोय की! या वयात मांडी घालूनच ऐकायचं असं कुठंय? आमची मोठी सोफ्यावर उड्या मारत ऐकायची, मला वाटायचं वाया चाललंय सगळं, पण मी थांबलो की तिच्या उड्याही थांबायच्या, "मग?"

माझी चूक सांगतो. ती चार वर्षांची असताना शाळेत अक्षरओळख सुरू झाली आणि मी गोष्ट वाचता वाचता शब्दावर बोट ठेवून "हे कोणतं अक्षर? आणि हे?" चालू केलं. आठवड्याभरात पुस्तकं गायब. दिवाळीच्या साफसफाईत सापडली, दिवाणामागे, भिंतीला टेकवून नीट उभी केलेली 😀 तेव्हापासून परीक्षा बंद. विचारायचंच तर ज्याचं उत्तर आपल्यालाही माहीत नाही असं काहीतरी विचारा, हा कुत्रा एवढा कुठे निघालाय वगैरे.

धाकट्याच्या वेळी शहाणा झालो होतो. त्याचं एक बसचं पुस्तक होतं, आठ-दहा पानांचं, बस निघते, माणसं चढतात, संपलं. मी पुण्याच्या पीएमटी बसच्या कंडक्टरच्या आवाजात "पुढं सरका, पुढं मोकळंय!" सुरू केलं आणि मग ती बस रोज स्वारगेटहून कोथरूड डेपोला जायला लागली, नळस्टॉप विसरलो की भांडण. तीन महिने तेच पुस्तक. आपल्याला वीट येतो, त्यांना येत नाही, पुढे काय येणार ते आपल्याला माहितीये यातच त्यांची निम्मी मजा असते. आणि एक दिवस हा सांडलेल्या दुधाकडे बघत म्हणतो, "मी पीतच होतो, तेवढ्यात कप पडला." हे 'तेवढ्यात' आमच्या घरात बोलताना कोणी वापरत नाही हो, ते गोष्टीतूनच आलेलं.

शाळा इंग्लिश मीडियम आहे म्हणून इंग्लिशच वाचू का, असं विचारलंय तुम्ही. ज्या भाषेत तुम्हाला आवाज काढता येतात, चिडता येतं, चित्रातल्या मांजरीवरून आजोळची मांजर आठवते, त्या भाषेत वाचा. इंग्लिश शाळेत होतंच आहे.

पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत स्वतः चाळून घ्या, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त असतात, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं छान असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय पण ते जरा मोठ्या मुलांसाठी, सध्या तुम्हीच वाचा आणि त्यातलं काही तोंडी सांगा.

फाडण्याचं म्हणाल तर त्याच्या हाताशी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं ठेवा, पातळ पानांची आपल्या हातात. फाटलंच तर ओरडू नका, सेलोटेप त्यालाच लावू द्या, आमच्याकडे एका पुस्तकाला कागदापेक्षा टेपच जास्त आहे.

आणि सासूबाई "एवढ्याशाला काय कळतंय" म्हणतात ना, त्यांनाच वाचायला बसवा. आमच्या आईचंही हेच म्हणणं होतं, पण ती वाचायला लागल्यावर धाकटा माझ्याकडे यायचाच बंद झाला, कारण आजी राक्षस झाली की खरोखर दात काढून ठेवायची.