योकचं कास्टिंग पास, तरी फील्ड करंट जास्त का?

प्रश्न : आम्ही छोट्या डीसी मोटरी बनवतो, योक (मोटरचं बाहेरचं कडं) आणि पोल (त्याला आतून लावलेले चुंबकाचे ठोकळे) ओतीव स्टीलचे, बाहेरच्या फाउंड्रीतून येतात. यावेळच्या लॉटचं सर्टिफिकेट एकदम छान होतं, टेन्साईल (ओढ सहन करायची ताकद) तर मागच्यापेक्षा जास्त. पण मोटर टेस्टला लावली तर तेवढ्याच व्होल्टेजला फील्ड करंट (पोलवरच्या कॉइलचा करंट) बराच जास्त लागतोय. फाउंड्रीवाले म्हणतात आमचा माल पास आहे. मग चूक कोणाची?

उत्तर : चूक कोणाची ते नंतर, आधी एअर गॅप, म्हणजे पोल आणि फिरणाऱ्या आर्मेचरमधली फट, मोजा. हसू नका, स्टीलला शिव्या घालायच्या आधी हे बघायलाच हवं, कारण गॅपमध्ये फ्लक्सची (चुंबकीय प्रवाहाची) घनता ०.८ टेस्ला असेल तर नुसता अर्धा मिलिमीटर गॅप वाढला तरी प्रत्येक पोलला सव्वातीनशेच्या आसपास ॲम्पिअर-टर्न (करंट गुणिले कॉइलचे वेढे) जास्तीचे लागतात. बोअर, पोलखालच्या शिम, सगळं ड्रॉइंगप्रमाणे निघालं तर मग स्टीलकडे वळा.

आणि मला तुमच्या पत्रातलं "टेन्साईल जास्त" हेच खटकलं. ताकद वाढवायची म्हणजे फाउंड्री काय करणार, कार्बन आणि मँगनीज थोडं वर नेणार, किंवा कास्टिंग भट्टीतून काढून हवेत गार करणार म्हणजे नॉर्मलाइझ करणार, त्याने दाणा बारीक होतो, ताकद येते आणि भट्टीही लवकर रिकामी होते, म्हणजे त्यांच्या बाजूने सगळं बरोबरच. पण मॅग्नेटिक गुणांचं गणित नेमकं उलटं आहे. कार्बन जेवढा कमी, दाणा जेवढा मोठा, आतला ताण जेवढा कमी, तेवढी परमिॲबिलिटी (फ्लक्स सहज नेण्याची क्षमता) चांगली आणि कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व घालवायला लागणारं उलटं फील्ड) कमी. म्हणून अशा कामाला ०.१ ते ०.१५ टक्क्यांच्या आसपास कार्बन, मँगनीज कमी, आणि नऊशे अंशांच्या आसपास तापवून भट्टीतच सावकाश गार करणं म्हणजे फुल ॲनिलिंग मागतात. तुमच्या ऑर्डरवर यातलं काही लिहिलेलं होतं का? नसेल तर फाउंड्रीवाल्याला दोष देता येणार नाही, त्याने जे मागितलं ते दिलं.

सर्टिफिकेटवरचे टेन्साईल, इलाँगेशन, केमिस्ट्री हे आकडे कास्टिंग मोडेल का ते सांगतात, फ्लक्स किती नेईल ते सांगत नाहीत. त्याला रिंग टेस्टच लागते. त्याच हीटचा (एकाच वेळी वितळवलेल्या स्टीलचा) टेस्ट ब्लॉक ओतायचा आणि तो कास्टिंगसोबत त्याच भट्टीत, त्याच वेळी ॲनिल करायचा (इथेच गडबड होते, ब्लॉक वेगळा छोट्या भट्टीत मस्त ॲनिल होतो आणि कास्टिंग तसंच राहतं). त्यातून रिंग काढायची, भिंत व्यासाच्या मानाने पातळ ठेवा, नाहीतर आतल्या आणि बाहेरच्या कडेला फील्ड वेगवेगळं पडतं. शेवटचा कट हलका घ्या, जोरात मशिनिंग केलं की पृष्ठभागावर ताण बसतो आणि रिडिंग उगाच खराब येतं.

रिंगवर आधी सेकंडरी (फ्लक्स मोजायची कॉइल), वर प्रायमरी (करंट द्यायची कॉइल) गुंडाळायची. फील्ड म्हणजे टर्न गुणिले करंट भागिले रिंगची सरासरी लांबी. सरासरी व्यास १०० मिमी असेल तर लांबी ०.३१४ मीटर, प्रायमरी २०० टर्न धरली तर २००० ॲम्पिअर प्रति मीटरला साधारण ३.१४ ॲम्पिअर लागतील. आधी डिमॅग्नेटाइझ करा, म्हणजे मोठ्या करंटपासून दिशा उलटवत उलटवत शून्यावर आणा, आणि घाई करू नका, भरीव स्टीलमध्ये एडी करंटमुळे (फ्लक्स बदलला की स्टीलमध्येच गोल फिरणारे करंट) फ्लक्स आतपर्यंत जायला वेळ लागतो. मग प्रत्येक पायरीला करंट उलटवून फ्लक्समीटरवर बदल वाचायचा, पूर्वी याला बॅलिस्टिक गॅलव्हानोमीटर असायचा. उलटवल्यावर दिसतो तो फ्लक्सच्या दुप्पट असतो, निम्मा करायला विसरू नका. चांगलं ओतीव स्टील २००० ला साधारण १.४ टेस्लापर्यंत जातं, बीडाचं कास्टिंग त्याच फील्डला याच्या निम्म्याच्या आसपासच रखडतं. तुमची रिंग १.४ च्या बरीच खाली आली तर लॉट पुन्हा ॲनिल करून बघा. ॲनिलिंगचाच प्रश्न असेल तर सुधारेल, कार्बन किंवा मँगनीजच जास्त असेल तर त्याला इलाज नाही.

प्रश्न : अल्ट्रासोनिकला (ध्वनिलहरींनी आतली तपासणी) सिग्नल येतच नाही, म्हणजे कास्टिंग आतून फुटकं आहे का?

उत्तर : बऱ्याचदा नाही. ओतल्यावर हीट ट्रीटमेंट झालेली नसेल तर जाड दाण्यात आवाज विखुरतो आणि मागच्या भिंतीचा इको येत नाही. ॲनिलिंग करून, पृष्ठभाग साफ करून पुन्हा लावा. तरी नाहीच आला तर जिथे रायझर (ओतताना वर ठेवलेला जादा धातूचा साठा) होता त्याच्या खाली बघा, श्रिंकेजची (धातू गार होताना आकसून पडणारी) पोकळी बहुतेक तिथेच असते. योकमध्ये अशी पोकळी म्हणजे नुसती ताकद कमी असं नाही, तेवढा फ्लक्सचा रस्ताच अरुंद झाला, उरलेल्या भागात स्टील लवकर सॅच्युरेट होतं (आणखी फ्लक्स घेत नाही) आणि त्या बाजूच्या पोलचा फ्लक्स कमी पडतो. पृष्ठभागाच्या भेगांसाठी मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (कास्टिंग चुंबकित करून लोखंडी भुकटीने भेगा दाखवणारी) करा, पण नंतर डिमॅग्नेटाइझ करायला सांगा, नाहीतर मशीनवर चिप्स चिकटत राहतात.

प्रश्न : हेच स्टील एसी मोटरच्या स्टेटर कोअरला ओतून वापरलं तर?

उत्तर : नको. बदलत्या फ्लक्सला भरीव स्टीलमध्ये एडी करंट एवढे फिरतात की कोअरच तापेल, तिथे पत्र्याच्या लॅमिनेशनच लागतात. तुमची डीसी मोटर थायरिस्टर ड्राइव्हवर (एसीचा डीसी करून वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) चालत असेल तर त्या करंटमध्येही रिपल (बारीक चढउतार) असतो, म्हणून अशा मोटरींना आता योकसुद्धा लॅमिनेटेड करतात.