मंजूर झालेला पैसा खर्च कुणी करायचा?

प्रश्न : दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे, लाकडी खांबांचा. बंबखाना जवळ आहे, पण मोठा बंब आमच्या बोळात वळणार नाही. म्हणून बजेटच्या दिवसांत अग्निशमनाची बातमी मी आवर्जून वाचते. तरतूद झाली म्हणजे पैसा खर्च होतोच का? आणि नाही झाला तर जाब कुणाला विचारायचा, नगरसेवकांना की कमिशनरांना?
— एक गृहिणी, दांडिया बाजार

उत्तर : होतोच असं नाही, ताई. तरतूद करताना नगरसेवकांची सभा एवढंच म्हणते की या कामावर या रकमेपर्यंत खर्च करायला आमची मंजुरी आहे. तो खर्च झालाच पाहिजे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. पेपरात मथळा येतो तो मंजुरीचा. न झालेल्या खर्चाची बातमी मला क्वचितच दिसली आहे.

खंडेराव मार्केटच्या इमारतीत बसणाऱ्या आपल्या वडोदरा महानगरपालिकेचा कारभार 1949च्या महानगरपालिका कायद्यावर चालतो. त्यात अंदाजपत्रकाचा मसुदा कमिशनर करतात, तो स्थायी समितीकडे जातो आणि शेवटची मंजुरी समग्र सभेची, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेची असते. खर्चाला हात घालायचा अधिकार मात्र कमिशनरांचा. याच कायद्याच्या 67व्या कलमाने कारभाराची अंमलबजावणी त्यांच्याकडे दिली आहे, आणि त्यांची नेमणूक सभा करत नाही, राज्य सरकार करतं. शिवाय ठरावीक रकमेवरचं कंत्राट पुन्हा स्थायी समितीपुढे न्यावं लागतं. म्हणून 'आम्ही मंजूर केलं, साहेब खर्च करत नाहीत' असं नगरसेवक म्हणू शकतात आणि 'आम्ही फाईल पाठवली, समितीने लांबणीवर टाकली' असं अधिकारी म्हणू शकतात. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असू शकतं. जळणाऱ्या घराला त्याचा काही उपयोग नाही.

माझी नोकरी स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली. एका गावच्या नगरपालिकेचं दप्तर (गावाचं नाव सांगत नाही) अजून डोळ्यांसमोर आहे. अंदाजपत्रकाच्या प्रत्येक हेडसमोर, म्हणजे खर्चाच्या शीर्षासमोर, तीन रकाने असतात: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. तिथे आग-प्रतिबंधाचं प्रशिक्षण आणि मॉक ड्रिल असं एक हेड होतं. पहिल्या रकान्यात शून्य, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात व्यवस्थित रक्कम. आदल्या वर्षीची वही काढली तर तिथेही हेच, रक्कमसुद्धा तीच. त्याच पानावर वाहन खरेदीचं हेड मात्र पूर्ण वापरलेलं. असं का होतं ते मला तिथेच कळलं. वाहनाच्या फाईलमागे पुरवठादार रोज चकरा मारतो. प्रशिक्षणाच्या फाईलमागे कुणी येत नाही.

त्याच गावात हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायची रस्त्यातली जोडणी, बघायला मी फोरमनबरोबर गेले होते. नकाशावर खूण होती, रस्त्यावर काही नव्हतं. त्याने पहारीने डांबर उकरलं, पहिला थर निघाला, मग त्याखालचा, आणि मग बिडाचं झाकण दिसलं. झाकणाची कडी थरात चिकटून बसली होती. पाणीखातं म्हणे, हायड्रंट अग्निशमनाचे. अग्निशमनवाले म्हणाले, पाइपलाइन पाणीखात्याची. आणि डांबर टाकणारं बांधकाम खातं तर या चर्चेतच नव्हतं. दुरुस्तीची तरतूद शिल्लक होती. 31 मार्चला ती रद्द झाली. मी ऑडिट पॅरा, म्हणजे तपासणीचा लेखी आक्षेप, लिहिला, त्यांनी 'नोंद घेतली' असं उत्तर दिलं आणि प्रकरण मिटलं. मला आजही याचा संताप येतो.

प्रतिबंधाचा पैसा दिसत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी मागे पडतो. सुरतच्या तक्षशिला आर्केडची आग 24 मे 2019ची. 22 विद्यार्थी गेले. क्लासला गेलेल्या मुलांनी वरून उड्या मारल्या, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. पाच वर्षांनी, 25 मे 2024ला, राजकोटच्या गेम झोनमध्ये 27 माणसं गेली. अग्निशमनाची एनओसी नसताना ती जागा चालू होती. दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बंब उशिरा आला का, हा तिथे मुख्य प्रश्नच नव्हता. आधी जाऊन बघणारा माणूस कुठे होता, हा होता. त्या माणसाचा पगार, त्याची भरती, त्याचं प्रशिक्षण हाच तो न दिसणारा खर्च.

तेव्हा जाब दोघांनाही विचारा, पण वेगवेगळा. नगरसेवकांना मंजुरीबद्दल विचारू नका. सुधारित अंदाज सभेपुढे आला तेव्हा अग्निशमनाच्या कुठल्या हेडमध्ये पैसे पडून होते, आणि तुम्ही त्यावर बोललात का, हे विचारा. कमिशनरांच्या कार्यालयाला माहिती अधिकारात लिहा: अमुक हेड, गेल्या तीन वर्षांची तरतूद, प्रत्यक्ष खर्च, आणि खर्च न झाल्यास फाईलवर नोंदलेलं कारण. 'अग्निशमनावर किती खर्च केला' असा मोघम प्रश्न विचाराल तर पगार आणि डिझेल मिळून एक मोठा आकडा हातात येईल. तुमच्या बोळासाठी लहान गाडी किंवा मोटरसायकलवरची यंत्रणा हवी असेल तर ती मागणी जानेवारीच्या आत लेखी द्या. मसुदा छापून झाल्यावर ती कुणी वाचत नाही.

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तिकडे वणव्यांची भीती कायमची. तो सांगत होता, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर केलेला आपत्ती-प्रतिबंधाचा पैसा राष्ट्राध्यक्षांच्या सरकारने थांबवला आणि राज्यं कोर्टात गेली. आपल्याकडे विधानसभेने मंजूर केलेला पैसा मुख्यमंत्र्यांनी रोखला तर असं होऊ शकतं का?
— निवृत्त शिक्षक, करेलीबाग

उत्तर : तुमचा मुलगा ज्याबद्दल बोलतो ती 'ब्रिक' नावाची योजना. 2018च्या कायद्यातून ती आली. पूर, वादळ, वणवा येण्याआधीच बंदोबस्त करायला राज्यांना आणि गावांना ती अनुदान देते. एप्रिल 2025मध्ये तिथल्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, 'फेमा'ने, ती गुंडाळायचं जाहीर केलं. जुलैत वीसेक राज्यांनी दावा लावला आणि ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या फेडरल न्यायाधीशांनी तो पैसा दुसरीकडे वळवायला तूर्त मनाई केली.

काँग्रेसने दिलेला पैसा राष्ट्राध्यक्षांनी अडवायचा नाही, हे बंधन कुठून आलं? निक्सन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी काँग्रेसने दिलेले पैसे मोठ्या प्रमाणावर अडवून धरले. त्यावर 1974मध्ये कायदा झाला: पैसा कायमचा रद्द करायचा असेल तर राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला तसं कळवायचं, आणि 45 दिवसांत काँग्रेसने मान्यता दिली नाही तर पैसा सोडायचा. न्यूयॉर्क शहराने सांडपाण्याच्या अनुदानासाठी लढलेल्या खटल्यात 1975मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारच्या विरोधात निकाल दिला.

आपल्याकडे असं कुठलंही बंधन नाही. विधानसभेच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही, हे राज्यघटनेचं 266वं कलम पक्कं सांगतं. काढलाच पाहिजे, असं कुठलंही कलम सांगत नाही. 203व्या कलमाप्रमाणे आमदार अनुदानाची मागणी मान्य करू शकतात, नाकारू शकतात, कमी करू शकतात. वाढवू शकत नाहीत. म्हणजे एखाद्या आमदाराला वाटलं की अग्निशमनाला दुप्पट द्यावं, तर त्याला भाषण करता येतं, आकडा बदलता येत नाही. आणि दिलेला आकडा खात्याने मार्चअखेर 'बचत' म्हणून परत केला, तर सभागृहाला ते कळतं कॅगच्या विनियोजन लेख्यांतून, म्हणजे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या हिशेबातून, तेही पैसा परत गेल्यानंतर. मग आमदारांची लोकलेखा समिती साक्षी घेते. तोवर खात्याचा सचिवही बदललेला असतो.

अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही. आपलं मंत्रिमंडळ सभागृहाच्या बहुमतावरच उभं असतं, त्यामुळे तिथल्यासारखा उघड सामना आपल्याकडे फारसा होत नाही. पण माणसांच्या जिवाशी थेट संबंध असलेली तरतूद परत करताना मंत्र्याने सभागृहात उभं राहून कारण सांगावं, एवढा नियम करायला राज्यघटना बदलावी लागत नाही. हा नियम व्हावा असं मला फार मनापासून वाटतं, आणि हे मी निवृत्तीनंतर प्रत्येक आमदाराला सांगत आले आहे.

प्रश्न : केंद्राने अग्निशमनासाठी 5000 कोटी दिले म्हणतात. ते महानगरपालिकेला थेट मिळतात का?
— वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : थेट नाही. ही योजना गृह मंत्रालयाने जुलै 2023मध्ये जाहीर केली, पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून. पैसा राज्याकडे येतो, आणि गुजरातसारख्या राज्याला त्यात स्वतःचा 25 टक्के वाटा घालावा लागतो. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन सेवा शहरांच्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे. काम शहराचं, पैशाची वाट मात्र गांधीनगरहून. तुमच्या आमदारांना विचारायचं असेल तर नेमकं विचारा: राज्याचा वाटा कुठल्या मागणीखाली, कुठल्या वर्षी मंजूर झाला, आणि त्यातलं वडोदऱ्याला काय आलं. उत्तर लेखी मागा.